पन्नाशीच्या आतलं माणूस

९ जानेवारी

मुंगे,

फोन करू नकोस असं मीच सांगितलं, म्हणून पत्र. फोनवर तू "बरी आहे, मावशी" एवढंच म्हणतेस आणि मग आपण दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. खोटं बोलायला फोन फार सोयीचा. पत्रात खोटं लिहायचं तर बैठक मारावी लागते. शाळेत नन्सनी हातावर पट्ट्या मारून आम्हाला जे वळण लावलं, ते खोटं लिहायला घेतलं की बिघडतं. माझं तरी बिघडतं. तुझं अक्षर मुळातच वाईट असल्यामुळे तुझी पंचाईत नाही.

बेबी आणि मी इथे राहायला आलो. मोडलेल्या खुब्याच्या बाईने एकटीने राहू नये असं डॉक्टर म्हणतात आणि गॅस चालू ठेवून झोपणाऱ्या बाईने तर कुणाहीबरोबर राहू नये असं मी म्हणते. तर आम्हा दोघींना खाटा मिळाल्या. कुठे मिळाल्या ते ऐक. लेबर रूममध्ये. जिथे मी मेट्रन म्हणून उभा जन्म घालवला, जिथे माझ्या पायातल्या बुटांचा आवाज ऐकून बाळंतिणी कण्हायच्या थांबत, त्या खोलीत खिडकीजवळ माझी खाट आहे. भिंतींना गुलाबी रंग होता, आता राखाडी दिलाय. बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या होत्या तिथे वॉकर उभे करतात. या गावात शेवटचं बाळंतपण कधी झालं ते इथल्या कुणालाही सांगता येत नाही. मला सांगता येतं, पण मला विचारतो कोण!

बेबी शेजारच्या खाटेवर आहे. एकाहत्तर वर्षांची बाई, दात कवळीचे, आणि सगळा वॉर्ड तिला "बेबी, गोळी घेतलीस का" विचारतो. इथे तीच सगळ्यांत लहान आहे, त्यामुळे कुणाला हसूही येत नाही.

तू हमीदार म्हणून सही केलीस, त्याबद्दल आभार मानणार नाही. पन्नाशीच्या आतलं माणूस सही करील तरच खाट, एका माणसाला दोघांची हमी, बोलावलं की यायचं, ऑपरेशनला हो-नाही म्हणायचं, शेवटी घेऊन जायचं, हा नियम मी केलेला नाही. आमच्या नशिबी पन्नाशीच्या आतलं माणूस तू एकच. तिघी बहिणींत फक्त ताईने, तुझ्या आईने, मूल होऊ दिलं आणि आम्ही दोघींनी लग्नंच केली नाहीत. या खोलीत मी गावाची मुलं काढली, स्वतःचं मात्र नाही. तो विषय माझा आहे, त्यावर तू बोलायचं नाही.

तुझ्या विषयावर मी बोलणार. तू सदतीस वर्षांची आहेस. लहान मूल असलेल्या बाईला हमीतून सूट आहे, हे तुला ठाऊक असेलच. पण मी त्या सवलतीसाठी सांगत नाहीये. मी बाळंतपणं केलेली बाई आहे, घड्याळ बघते आहे. कुणीतरी बघ. फार निवडत बसू नकोस. तुझ्या वयाचा, हातीपायी धड आणि तोंडाला वास न येणारा, एवढं बास.

दोन दिवस येऊन जा.

मोठी मावशी

२७ जानेवारी

मावशी,

अक्षराबद्दल माफ कर. बोटांना ग्रीस असतं, धुतलं तरी राहतं.

येता येणार नाही. आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या डेपोत पूर्वी खूपजण होते, आता पाच उरलोत, आणि मी सगळ्यांत लहान. त्यामुळे लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं ते मीच. बाकीचे वर उभे राहून टॉर्च धरतात आणि "जपून गं, जपून" म्हणतात. त्यांचा राग येत नाही. त्यांचे गुडघे खरंच गेलेत. सुटी मागितली की साहेब विचारतात, "तुझ्या जागी कोण?" टोमणा नसतो तो. त्यांना खरंच कळत नसतं.

परवा एका इमारतीत गेले. लिफ्ट पावसाळ्यापासून बंद होती. नवव्या मजल्यावर एक बाई राहतात, त्या तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. खिडकीतून टोपली सोडतात, खालचा दुकानदार त्यात पाव आणि औषधं ठेवतो. दुकानदार ऐंशीचा आहे. लिफ्ट सुरू झाली तेव्हा त्या आत येऊन उभ्या राहिल्या आणि एकही बटण दाबेनात. मी विचारलं, "आजी, कुठे जायचं?" म्हणाल्या, "कुठे नाही गं. चालते का बघते." मी दार लावलं, त्यांना खाली नेलं, परत वर आणलं. सही घेतली आणि पुढच्या इमारतीत गेले.

शहरात असंच आहे. शाळेच्या दोन इमारतींत आता दवाखाने आहेत, लिफ्ट नव्याने बसवल्यात. मुतारीची भांडी अजून लहान मुलांच्या उंचीची आहेत, ती बदलायला प्लंबर मिळत नाही. म्हातारी माणसं वाकून उभी असतात.

मी बरी आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, तो आता नीट बसलाय. सांध्यात लाकडाची पाचर घालून, खिळा न वापरता. फार छान काम झालंय.

बेबीमावशीला सांग, गोळी घे.

मुंगी

६ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र बेबीने मोठ्याने वाचलं आणि नवव्या मजल्याच्या बाईपाशी रडली. मी नाही रडले. मी टेबलापाशी थांबले.

तू लोखंडातली मुलगी. लाकडाची पाचर म्हणजे काय हे तुला कधीपासून कळायला लागलं? आणि "फार छान काम झालंय" असं स्वतःच्या कामाला तू जन्मात म्हणाली नाहीस. परीक्षेत पहिली आलीस तेव्हा "बरं झालं" म्हणालेलीस. तेव्हा पाचर दुसऱ्या कुणीतरी घातली. खिळा न वापरता पाय बसवणारा माणूस मनाने सावकाश असतो. असा माणूस तुझ्या स्वयंपाकघरात एका दुपारी येऊन जात नाही, तो तिथे बसलेला असतो, चहा पितो, डुगडुगणारा पाय त्याला रोज खुपतो आणि मग एके दिवशी तो हत्यारं काढतो.

कोण आहे? आणि लपवतेस का? मी काय त्याला खाणार आहे?

खरं सांगते, मला राग आलाय. मी इथे पडल्या पडल्या तुला लग्नाचं सांगत सुटले, तू मुकाट्याने ऐकून घेतलंस, आणि घरात माणूस आहे! चार ओळी लिहायला तुझी बोटं झिजली असती का? लग्न केलं नाहीस तरी माझी काही हरकत नाही. नन्सची असेल, पण त्या आता वर आहेत.

बेबी म्हणते विचार, दिसायला कसा आहे. मी विचारते, मूल हवंय का त्याला?

मोठी मावशी

२५ फेब्रुवारी

मावशी,

तो आता नाही. म्हणजे आहे, पण इथे नाही.

सुतार आहे. आमच्या इमारतीतली दारं रुंद करायला आला होता, व्हीलचेअर आत जावी म्हणून. दोन वर्षं तेच काम होतं त्याला, सगळ्या शहराची दारं रुंद करायचं. मग दारं संपली. दुसऱ्या देशात त्याला काम मिळालं, शाळांचे बाक करायचं. तिकडे अजून बाक लागतात. त्याने एका बाकाचा फोटो पाठवला, शेजारी स्वतःचा बूट ठेवून. बाक त्याच्या गुडघ्याइतकासुद्धा नाही. मी फोटो पुष्कळ वेळ बघितला. एवढ्याशा बाकावर बसेल असं माणूस मी किती वर्षांत बघितलेलं नाही ते आठवत बसले.

मला चल म्हणाला होता. तिकडे लिफ्टवालेही हवेत. त्याच आठवड्यात तुझा खुबा मोडला आणि हमीचे कागद आले. हमीदार देशाबाहेर गेला की खाट जाते, हे त्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. मी सही केली. त्याला सांगितलं. तो म्हणाला, वर्षअखेरपर्यंत वाट बघतो, मग पुढचं बघू. भांडला नाही. गेला त्या दिवशी सकाळी टेबलाचा पाय बसवून दिला. मी कामावर गेले.

तुला सांगितलं नाही कारण तू काहीतरी करायला निघाली असतीस. आणि सांगण्यासारखं फारसं नाहीच. मला वाटलं होतं रडू येईल. दोन कप विसळले, एक कपाटात ठेवला, एक बाहेर ठेवला. एवढंच झालं. हल्ली मला फारसं काही होत नाही. खड्ड्यात उतरताना पूर्वी भीती वाटायची, तीही वाटत नाही. साहेब म्हणतात, हा अनुभव.

मूल हवं होतं त्याला. मलाही, असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

दिसायला उंच आहे. कान मोठे आहेत. बेबीमावशीला सांग.

मुंगी

३ मार्च

मूर्ख मुली,

माझ्या खुब्यासाठी? एका म्हातारीच्या हाडासाठी, जे धड जुळलंही नाही? मला विचारलं असतंस तर मी जमिनीवर झोपले असते. बेबीला खाटेला बांधून ठेवलं असतं.

पत्र वाचून मी दिवसभर जेवले नाही आणि मग एवढी भूक लागली की बेबीचंही जेवले. या देशाच्या कारभाऱ्यांची कमाल आहे. भाषणांत मुलं हवीत म्हणून गळे काढायचे. आणि ज्या एका पोरीला मूल हवंय, तिच्या दोन्ही हातांत एक-एक म्हातारी धरून द्यायची, वर विचारायचं, बाई, तुझे हात रिकामे का नाहीत!

ऐक. हमीदार बदलता येतो. पन्नाशीच्या आतला दुसरा माणूस मिळाला की झालं, तुझं नाव खोडायचं, त्याचं घालायचं. मी माणूस शोधते. या गावातल्या प्रत्येकाची टाळू मी त्याच्या आईच्या आधी पाहिली आहे. एक माणूस मला मिळणार नाही?

बॅग भरायला घे.

मोठी मावशी

१२ मार्च

मावशी,

असं काही करू नकोस. मी रागावलेली नाही, फक्त दमले आहे. काहीही करायच्या आधी मला विचार. एवढं ऐक.

मुंगी

२० एप्रिल

मुंगे,

विचारलं नाही. काम झालं. आता सविस्तर वाच आणि मध्ये बोलू नकोस.

पन्नाशीच्या आतलं माणूस शोधणं म्हणजे काय असतं याची मला कल्पना नव्हती. मी वॉकर घेऊन निघाले, बेबी पर्स घेऊन. न्हाव्याच्या दुकानात गेले, कारण त्याला आम्ही अजून "बारक्या" म्हणतो. बारक्या बासष्टचा निघाला. औषधांच्या दुकानातला मुलगा म्हणजे मी काढलेला मुलगा, त्रेपन्नचा. पोस्टमन स्वतः हमीदार शोधत होता, त्याने मलाच विचारलं. पेट्रोल पंपावर एक तरुण दिसला, टोपी घातलेला. जवळ गेले तर टोपीखाली डोकं पांढरं. "मेट्रनबाई, ही टोपी बघून रोज चार-पाच जण येतात," म्हणाला. खऱ्या अर्थाने पन्नाशीच्या आतले सगळे मिळून एखादी बस भरेल, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या दोन्ही हमी भरलेल्या. लग्नाच्या मुलीसारखे घरात लपून बसतात बिचारे.

मग कळलं, अँब्युलन्स चालवते तिचे आई आणि वडील आठवड्याच्या अंतराने गेले. ती बेचाळीसची आहे. पायाळू जन्मली होती, आधी पाय बाहेर काढून मला लाथ मारलेली. तिच्या दोन्ही हमी रिकाम्या झाल्या. तुला नियम ठाऊक असेल, रिकामी हमी महिनाभरात आपण होऊन भरली नाही तर कार्यालय प्रतीक्षायादीतला कुणीही माणूस त्यावर टाकतं. म्हणून गाव तिथे धावलं. आम्हीही गेलो. भेटायलाच गेलो होतो असं मी म्हणेन.

ते घर मी विसरणार नाही. बाहेर चपलांचा ढीग. आत खुर्च्यांवर सगळं पांढऱ्या केसांचं गाव, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. बँकेतले साहेब काठी बाहेर ठेवून आत आले, धड दिसावं म्हणून, आणि दाराची चौकट सोडेनात. निवृत्त न्यायाधीशबाई गेलेल्या दोघांबद्दल दोन शब्द बोलल्या आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाल्या, "मला तसं काही नाही हो, थोडा रक्तदाब आहे, तोही सकाळचाच." बँकवाले लगेच म्हणाले, "मी तर मधुमेह असून गोड खात नाही." माझ्या शेजारची एक बाई त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि हात फिरवता फिरवता कानात म्हणत होती, "मला रात्री उठावं लागत नाही बरं का."

ती पोर नुसती बसली होती. डोळे कोरडे. मी समोर जाऊन विचारलं, "जेवलीस का?" म्हणाली, "आठवत नाही." मी म्हटलं, "मग नाही जेवलीस," आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन अंडी उकडली. वॉकरवर ताटली ठेवून आणली. तिने खाल्लं. खाऊन झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "मेट्रनबाई, तुम्ही एकट्याच कागद न आणता आलात. तुमच्या दोघींचं माझ्या नावावर करा." न्यायाधीशबाईंचा चेहरा बघायला हवा होतास.

कागद बेबीच्या पर्समध्ये होते. ते मी तिथे बोलले नाही.

तर झालं. तिची सही झाली, शिक्का झाला, तुझं नाव खोडलं. ती भली आहे, आठवड्यातून एकदा येते, बेबीला अँब्युलन्समध्ये पुढे बसवून चक्कर मारून आणते. आता आम्ही तुझ्या कुणी नाही. म्हणजे आहोत, पण कागदावर नाही. सुताराला कळव. तारीख ठरली की मला कळव. बाळंतपणाला मी येणार नाही, खुबा नाही म्हणतो, पण सूचना पाठवीन.

मोठी मावशी

२ जून

मुंगे,

सहा आठवडे झाले, तुझी ओळ नाही. कामाचं आवरत असशील, घर रिकामं करत असशील, असं मी बेबीला सांगते. बेबी म्हणते विमानात बसलीसुद्धा असेल. असं असेल तर हे पत्र घरमालकाला मिळेल आणि त्यांनी कृपया पुढे पाठवावं.

टेबल विकू नकोस. ने, नाहीतर कुणाला तरी दे.

कळव.

मावशी

१९ जून

मावशी,

मी इथेच आहे. लिहायला घेत होते, पण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी त्याला कळवलं होतं. त्याने तिकडे घर बघितलं, दोन खोल्यांचं.

देश सोडायला हमी कार्यालयाचा दाखला लागतो. मे महिन्यात मी गेले. खिडकीवरच्या बाईंनी संगणकात माझं नाव घातलं आणि म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही हमी रिकाम्या होत्या, महिना उलटला. वाटप झालंय." मी म्हटलं, मी तर देश सोडून चालले आहे. त्या म्हणाल्या, "नात्यातली हमी असती तर तुम्ही सोडू शकला असता. खाट जाते, पण हमीदार जाऊ शकतो. वाटपातली पाच वर्षं सोडता येत नाही." मी विचारलं, पाच वर्षं कुठून? त्यांनी नियमावर बोट ठेवून दाखवलं. वाईट नव्हत्या त्या. त्यांचं वय सत्तरच्या आसपास असेल. माझ्यामागे रांग होती, म्हणून मी बाजूला झाले.

पाच वर्षांनी मी बेचाळीसची. त्याला कळवलं. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं. चांगलं लिहिलंय त्याने. तुला पाठवत नाही.

वाटपात आलेले दोघेजण आहेत. एक बाई, त्या बोलत नाहीत, पण हात धरून ठेवतात. दुसरे गृहस्थ अकराव्या मजल्यावर. पूर्वी जमिनी मोजायचं काम करत. त्यांच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच यादीत आहे, त्यामुळे सोयीचं पडतं. खाट मिळेपर्यंत त्यांना घरीच ठेवायचंय आणि खाट कधी मिळेल ते कुणाला सांगता येत नाही. सकाळी त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवावं लागतं. मदतनीस दुपारीच मिळते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू कुणाची?" मी म्हटलं, तुमची हमीदार. म्हणाले, "ते कळलं. घरात कुणाची?" मी त्यांना उचलायला वाकले.

ते वजनाने बरेच आहेत. माझी पाठ जरा धरली आहे. दुसरं काही नाही.

तू अँब्युलन्सवालीचा कागद रद्द वगैरे करायला जाऊ नकोस. त्याने काही होणार नाही, विचारलंय मी.

मुंगी

२७ जून

मुंगे,

तीन पत्रं लिहून फाडली. एक कार्यालयाला, एक मंत्र्याला, एक तुला. कार्यालयाचं चांगलं जमलं होतं. न्यायाधीशबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, भाषा उत्तम आहे, उपयोग नाही.

महिन्याचा नियम मला पाठ होता. त्या पोरीच्या घरी मी तोच नियम धरून उभी होते, तिची हमी यादीत जायच्या आत आपण पकडू म्हणून. तिची जागा आम्ही भरली की तुझी जागा रिकामी होते आणि यादी तुझ्या दारातही येते, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. पाच वर्षांचं मला ठाऊक नव्हतं. आधी मला विचार, असं तू लिहिलं होतंस. मी अंडी उकडत होते.

बेबीला सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, मी सांगते, तिकडून टपाल यायला वेळ लागतो. काल तिने वॉर्डातल्या बायकांना सांगितलं की आमच्या मुंगीला होणार आहे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कितीतरी दिवसांनी या खोलीत कुणीतरी ते बोललं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एक जण मोजे विणायला बसली आहे.

मला तुझ्यावर ओरडायचं होतं, पण कशाबद्दल ओरडू ते सापडत नाही. तेव्हा कामाचं सांगते.

पाठ धरली याचा अर्थ तू कमरेतून वाकून उचलतेस. खड्ड्यातून लोखंड उचलतेस तसं माणूस उचलू नकोस. आधी त्यांना सांग, मी आता उचलणार आहे. न सांगता हात लावलास की माणूस अंग ताठ करतो आणि दुप्पट जड होतो. पलंगाच्या कडेशी बसतं कर, पाय जमिनीला टेकू देत, मिनिटभर तसंच राहू दे, चक्कर येते. खुर्ची त्यांच्या धडधाकट बाजूला लाव, अगदी चिकटवून. तुझा एक पाय त्यांच्या दोन पायांच्या मध्ये. गुडघ्यांत वाक, पाठ सरळ. काखेत हात घालू नकोस, खांदा निखळतो, मागून कमरेचा पट्टा धर. पट्टा नसेल तर जाड चादरीची घडी करून कमरेभोवती बांध. तीन म्हण आणि त्यांना पुढे झुकव. वर ओढू नकोस. पुढे झुकला की माणूस आपणहून उठतो. मग तू आणि ते मिळून वळा, छोट्या पावलांनी, आणि खुर्ची त्यांच्या पोटऱ्यांना लागली की खाली बसव.

पहिले काही दिवस त्यांना भीती वाटेल, तेव्हा ते तुझ्या गळ्यात हात टाकतील. टाकू देऊ नकोस. सगळे आधी मानच धरतात.

मावशी